सूर्य मे महिन्यात जवळ येत नाही

उन्हाळा लागला की जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. खानदेश का तापतो, ते 'विद्यार्थ्यांसाठी सोप्या भाषेत'. मुद्दे पाच : मे महिन्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, कर्कवृत्त खानदेशातून जातं, ओझोनला भोक पडल्यामुळे ऊन थेट लागतं, तापी 'उलटी' वाहते म्हणून पाऊस कमी, आणि पारा ४० च्या वर गेला की उष्णतेची लाट. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीनं हे सगळं वहीत उतरवून वर लाल पेनानं 'महत्त्वाचे' असं लिहून ठेवलं होतं. म्हणून हा खटाटोप.

पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आहे, एवढं खरं. पण ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ३-४ जानेवारीच्या सुमारास. याला उपसूर्य स्थिती म्हणतात. तेव्हा अंतर साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. त्याच दिवसांत रावेर-यावलकडे पहाटे शेकोट्या पेटतात आणि केळीवर चरका, म्हणजे थंडीचा मार, पडतो. सगळ्यात लांब, म्हणजे अपसूर्य, ४-५ जुलैच्या आसपास : १५ कोटी २१ लाख. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. शिवाय जवळ येण्यानंच उन्हाळा होत असता तर तो साऱ्या पृथ्वीवर एकदमच आला असता. मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी २६ डिसेंबरला सुरू होते. तेव्हा तिथे भर उन्हाळा असतो आणि आपण स्वेटर घालून टीव्हीवर ती बघतो.

ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. आपली बाजू सूर्याकडे कलते तेव्हा ऊन सरळ डोक्यावरून पडतं. हे पाठ करण्यापेक्षा २५ मेच्या आसपास गच्चीवर जा. आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो. पाण्याच्या टाकीवर स्टीलचा पेला उपडा ठेवला आणि वाट बघत बसलो. बारा वाजले, सावली होतीच. पोरं म्हणाली, सर, तुमचा भूगोल चुकला. बारा पंचवीसच्या सुमारास ती पेल्याच्या बुडाखाली गडप झाली. घड्याळातले बारा मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे रेखावृत्ताचे. जळगाव साडेपंचाहत्तर अंशांवर, आणि दर अंशाला चार मिनिटं. म्हणून आपली खरी दुपार उशिरा.

हाच शून्य सावली दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस, १८ जुलैच्या आसपास पुन्हा येतो. कर्कवृत्तावर सूर्य वर्षातून एकदाच डोक्यावर येतो, २१ जूनला. आपल्याकडे दोनदा येतो, म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. दुसरा मुद्दा इथेच संपला. जळगाव २१ अंशांवर आहे. कर्कवृत्त तिथून पावणेतीनशे किलोमीटर उत्तरेला, उज्जैन-भोपाळच्या बाजूनं जातं. महाराष्ट्राला ते शिवतही नाही.

पण एक गोष्ट खटकायला हवी. मे आणि जुलै, दोन्ही वेळा सूर्य डोक्यावरच. मग जुलैत कढ का येत नाही? ढग असतात, बरोबर. दुसरं उत्तर जमिनीत आहे. मेच्या दुपारी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून नांगरून टाकलेल्या काळ्या रानातून चालत या आणि शेजारच्या केळीच्या बागेत शिरा. बांध ओलांडताच अंगाला फरक जाणवतो, आणि तो नुसत्या सावलीचा नसतो. केळीला ठिबकचं पाणी चालू असतं, पानं ते वाफेच्या रूपात सोडत असतात, उन्हाची बरीच उष्णता त्या वाफेतच खर्च होते. माठातलं पाणी गार होतं तेच इथे घडतं. बाहेरच्या भेगाळलेल्या रानात वाफ व्हायला पाणीच उरलेलं नसतं. काळी माती ऊन शोषते आणि वरची हवा तापवत बसते. त्यात समुद्र लांब आणि वायव्येकडून येणारा वारा कोरडा. 'सूर्य खाले उतरी उना' (सूर्य खाली उतरून आला) असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात ते बोलायला झकास आहे, परीक्षेच्या पेपरात लिहायला नाही.

ओझोनचा घोळ तर मोठ्यांच्याही डोक्यात पक्का बसलाय. साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा हा थर अतिनील किरणं अडवतो. त्याचं 'छिद्र' म्हणजे दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरकडे अंटार्क्टिकावर थर विरळ होणं. खानदेशावर कुठलंही भोक नाही. अंटार्क्टिकावरच्या भोकाला कारणीभूत क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंवर १९८७ च्या माँट्रियल कराराने आळा घातला. जागतिक तापमानवाढ वेगळी, ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडसारख्या हरितगृह वायूंमुळे होते. प्रश्न दोन आहेत, उत्तरंही दोन लिहायची.

तापी उलटीबिलटी वाहत नाही. गोदावरी-कृष्णा पूर्वेला जातात म्हणून ही उलटी वाटते इतकंच. सातपुडा आणि सातमाळा-अजिंठा यांच्यामधल्या खचदरीला, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीला, पश्चिमेकडे उतार आहे. मुलताईला उगम पावून ती ७२४ किलोमीटरवर सुरतजवळ समुद्राला मिळते. पाऊस नदीच्या दिशेवर ठरत नाही. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात येतो, म्हणून तो कमी.

राहिली लाट. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवं, शिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं; किंवा सरळ ४५ गाठलेलं हवं. जळगावात मेमध्ये नुसते ४० ही लाट नव्हे, तो चांगला दिवस! आणि मेसेजात 'आजचे हवामान ४५ अंश' असं लिहिलंय ते पुस्तकाप्रमाणे 'हवा' पाहिजे. हवामान म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. अर्थात हवामान खातंच रोज हवा सांगतं, तेव्हा पोरांना दोष देऊन उपयोग नाही.

तापमानाचा अधिकृत आकडा जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजलेला असतो. हे सांगितल्यावर त्याच मुलीनं विचारलं, "सर, मग आमच्या पत्र्याच्या घरात किती असेल?" त्याचं उत्तर कुठल्याच बातमीत मिळायचं नाही. शिकवणीतला थर्मामीटर सध्या तिच्या घरी खिळ्याला टांगलेला आहे.