खिळे आहेत, पण दिसत नाहीत

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या गॅम्बल हाउसचे फोटो अधूनमधून फिरत येतात. खाली मजकूर ठरलेला: '1908 साली चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या भावांनी जपानी कारागिरांकडून एकही खिळा न वापरता बांधलेलं घर.' साल ठीक आहे, काम तेव्हा सुरू होऊन 1909 मध्ये पुरं झालं. बाकीचं तपासू.

'एकही खिळा नाही.' आतला सांगाडा त्या काळच्या अमेरिकेतल्या इतर लाकडी घरांसारखाच ठोकलेला आहे. बाहेरून रेडवूडच्या पातळ फळ्या लावल्यात, त्या काय खळीने चिकटवल्या? गैरसमजाचं मूळ आतल्या सुतारकामात आहे. सागवानावर जागोजागी आबनुसाचे काळे चौकोनी तुकडे किंचित उठून दिसतात आणि सगळा भार जणू या लाकडी खुंट्यांवरच आहे असं वाटतं. त्यांतल्या अनेकांखाली मुकाट्याने स्क्रू बसलाय. आणि खरी करामत पुढेच आहे. याच घडणीच्या फर्निचरमध्ये स्क्रूचं भोक मुद्दाम लांबट ठेवलेलं असतं. लाकूड फुगलं-आकसलं की स्क्रू त्यात सरकतो, फळीला तडा जात नाही. पावसाळ्यात दार चौकटीत रुतून बसलं की खांद्याने ढकलणाऱ्या कोकणातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. लोखंड टाळण्यापेक्षा ते इतक्या बेमालूम लपवणं अवघड, पण 'खिळा नाही' म्हणून टाकलं की हे कसबच खोडलं जातं.

'जपानी कारागीर.' जपानी घरांचा प्रभाव आहेच. 1893 च्या शिकागोच्या प्रदर्शनातला जपानी मंडप ग्रीन बंधूंनी पाहिला होता. पण घर बांधणारे पीटर आणि जॉन हॉल हे भाऊ मूळचे स्वीडनचे. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले.

आता 'ग्रीन बंधूंनी बांधलं' याबद्दल. माझा खरा राग इथे आहे. ग्रीन बंधूंनी आराखडे केले, बारीकसारीक तपशील ठरवले. त्यांचं श्रेय कोणी काढून घेत नाही. शाळेत तेही सुतारकाम शिकले होते. पण बांधकामाचा ठेका पीटर हॉलचा होता. घरमालक डेव्हिड गॅम्बल (हो, प्रॉक्टर अँड गॅम्बलचे, साबणवाले) यांच्या आधी, 1907 मध्ये, त्याच गावातल्या ब्लॅकर कुटुंबाच्या घराचं कामही त्याच्याचकडे होतं. फर्निचर जॉनच्या देखरेखीखाली हॉलांच्या कारखान्यात घडत होतं. एकेका गिऱ्हाइकासाठी, एकेका खोलीसाठी वेगळं काम. कागदावरची गोल केलेली कड लाकडात तशीच उतरेल, याची हमी रेघ मारणारा देत नाही, रंधा धरणारा देतो. आपल्या वाड्यांत 'बर्मा टीक' कौतुकाने दाखवतात, त्याच ब्रह्मदेशातलं सागवान इथल्या दिवाणखान्याबाहेरच्या प्रवेशदालनात आहे. माल उत्तम होता, पण असा माल नासवणारे हातही आपण पाहिलेत.

प्रवेशदालनातून वर जाणारा जिना नीट बघा. त्याचा कठडा सरळ तिरका न जाता पायऱ्यांबरोबर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि कोपऱ्यांवर लाकडं बोटांत बोटं गुंफावीत तशी अडकवलेली आहेत. ग्रीन बंधूंशी गाठ पडण्याआधी पीटर हॉल पॅसाडेनात जिने बनवण्यासाठीच ओळखला जायचा.