‘दुर्बीण घातली की माणूस उठत नाही’ : एका ध्वनिफितीला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीकडील गावांत व्हॉट्सॲपवर चार मिनिटांची एक ध्वनिफीत फिरत आहे. बोलणारा नाव सांगत नाही, मात्र फुप्फुसाच्या दुर्बिणीच्या तपासणीविषयी, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीविषयी, तो पाच गोष्टी ठासून सांगतो. गुंगी देऊन माणसाला मशीनवर टाकतात आणि भित्रा माणूस त्यातून उठत नाही. नळी आत गेली की श्वास बंद होतो, सगळे कळत राहते आणि ओरडता येत नाही. तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो. उपाशीपोटी चक्कर येते, म्हणून गोड चहा पिऊन जावे. आणि भीती वाटते हे डॉक्टरांना सांगू नये, कारण मग ते डोस वाढवतात, त्यापेक्षा आदल्या रात्री घरीच झोपेची गोळी किंवा ‘थोडीशी’ घेऊन झोपावे. माझ्या चुलत काकांची ही तपासणी ठरली तेव्हा आठवडाभरात त्यांनी ही फीत कितीदा तरी ऐकली होती, आणि रात्री दोनच्या सुमारास उठून ते ओसरीवर बसून राहत. तपासणीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत होतो.

पहिल्या दाव्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. 1897 साली जर्मनीत गुस्टाव्ह किलियान यांनी श्वासनलिकेत अडकलेले हाड काढले ते सरळ, कडक नळीने. तशी धातूची नळी आजही मोजक्या कामांसाठी वापरतात आणि तेव्हा पूर्ण भूल द्यावी लागते. मात्र 1966 च्या सुमारास जपानच्या शिगेतो इकेदा यांनी लवचीक दुर्बीण आणली, आणि आज बहुतेकांची तपासणी होते ती हिनेच. तिच्यासाठी घसा बधिर करतात आणि शिरेतून गुंगीचे औषध थोडेथोडे, परिणाम पाहत देतात. रुग्ण पेंगतो, पण हाक मारली तर ओ देतो आणि श्वास स्वतःच घेतो. बोटाला लावलेली चिमटी रक्तातील प्राणवायू आणि नाडी सतत दाखवते, नाकाशी प्राणवायूची नळी असते, आणि मिडाझोलामसारख्या गुंगीच्या औषधाचा अंमल जास्त झालाच तर तो उतरवणारे औषधही असते. धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. रक्तस्राव होऊ शकतो, प्राणवायू खाली येऊ शकतो, फुप्फुसाच्या आतल्या भागातून तुकडा घेताना क्वचित फुप्फुसाबाहेर हवा साठू शकते. मृत्यूचे प्रमाण मात्र दहा हजार तपासण्यांमागे एक ते चार असे वैद्यकीय लेखनात दिलेले आढळते, आणि त्यांतही आधीच अत्यवस्थ असलेले रुग्ण अधिक असतात. भित्रेपणामुळे माणूस उठत नाही, याला काहीही आधार नाही.

श्वास बंद होतो हा दावा आकड्यांनी खोटा ठरतो. मोठ्या माणसाची श्वासनलिका आतून साधारण 15 ते 20 मिलिमीटर रुंद असते आणि दुर्बिणीची जाडी पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीहून कमी. सहा इंची बोअरमध्ये दोन इंची पाइप सोडला म्हणून बोअर बुजत नाही. भोवती जागा उरतेच. गाठीमुळे नलिका आधीच अरुंद झाली असेल तर गोष्ट निराळी, पण ते सीटी स्कॅनमध्ये बहुधा आधी दिसते आणि तयारी त्याप्रमाणे केली जाते. तरीही श्वास कोंडल्यासारखे वाटते, हे खरे आहे. काकांच्या घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारला तेव्हा त्या कडू औषधाने त्यांचा चेहरा आंबला, आणि दोन मिनिटांत ते गळ्याला हात लावून खुणेने सांगू लागले की घसा सुजला. घसा सुजलेला नव्हता; बधिर झाला होता. बधिर घशाला आपण आवंढा गिळल्याचे नीट कळत नाही आणि मन त्याचा अर्थ ‘गळा दाटला’ असा लावते. सिस्टरांनी त्यांचे तोंड चिमटीच्या पडद्याकडे वळवले आणि म्हणाल्या, “काहून भेता जी बाबाजी? पाहा, सत्त्याण्णव हाय. श्वास चालू हाय तुमचा.” त्या एका आकड्याने जे साधले, ते माझ्या आठवडाभराच्या समजावणीने साधले नव्हते.

भीती आवरायला तेथे ज्या गोष्टी कामी आल्या, त्या साध्याच होत्या. आधीचे चार दिवस आम्ही ओसरीवर बसून नाकाने श्वास घेण्याचा आणि ओठ आवळून, फुंकणीतून सोडावा तसा पण अगदी सावकाश, तो बाहेर सोडण्याचा सराव केला होता. दुर्बीण आत असताना बोलता येत नाही, म्हणून हात वर केला की थांबायचे, असे डॉक्टरांशी आधीच ठरवून घेतले. खोकला येणारच आणि तो आला म्हणजे काही बिघडले असे नव्हे, हेही त्यांनी आधी सांगितले. काकांनी हात वर केलाच नाही. बाहेर आणल्यावर अर्ध्या तासाने त्यांनी मला विचारले, “कधी करतेत मग?” गुंगीच्या औषधाने त्या वेळची आठवण पुसट होते किंवा राहतच नाही; ध्वनिफितीतला ‘सगळे कळत राहते आणि ओरडता येत नाही’ हा भाग त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत लागू पडत नाही.

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हा समज आमच्याकडे जुना आहे आणि तो का टिकून आहे हेही समजण्यासारखे आहे. आपला माणूस दवाखान्यात पोहोचतो तोच उशिरा. तपासणी होते तेव्हा आजार पसरलेला असतो, दोन-तीन महिन्यांत माणूस जातो आणि दोष येतो दुर्बिणीवर. चिमटा घेतो तो तुकडा जेमतेम दोन मिलिमीटरचा. उलट तो न घेतल्यास छातीच्या फोटोतला डाग क्षयाचा की कॅन्सरचा हे नक्की होत नाही, आणि अंदाजाने महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात. थुंकीत जंतू न सापडलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवाची सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय) तपासणी क्षय आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे प्रमुख औषध लागू पडेल की नाही हे दोनेक तासांत सांगू शकते. काकांची दुर्बीण याचसाठी होती.

गोड चहाबद्दल थोडक्यात. भरीव अन्न आणि दूध किमान 6 तास आधी बंद, साधे पाणी 2 तास आधी. दुधाचा चहा अन्नातच मोडतो. घसा बधिर असताना पोटातले वर आले तर ते फुप्फुसात उतरू शकते. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांनाच आधी विचारावे. आणि खर्राही, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रणही, नको. ‘मी काही खाल्ले नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी लोकांच्या गालात तो असतो.

पाचव्या दाव्याबद्दल मात्र मला राग आहे. पहिले चार ऐकून माणूस नुसता घाबरतो. हा पाचवा त्याला लपवायला शिकवतो. भीती सांगितली म्हणून डोस आंधळेपणाने वाढत नाही. औषध वय, वजन आणि दिसणारा परिणाम पाहून दिले जाते, आणि म्हाताऱ्यांना कमीच लागते. पण घरून घेतलेली झोपेची गोळी किंवा दारू डॉक्टरांना माहीत नसेल, तर गुंगीच्या औषधाची तिच्यात भर पडून श्वास मंदावू शकतो. रोज पिणाऱ्यावर नेहमीचे औषध कमी लागू पडते, हेही त्यांना आधी ठाऊक असावे लागते. आमचा वर्धा जिल्हा कागदोपत्री दारूबंदीचा, त्यामुळे येथे हा प्रश्न विचारला की सगळेच ‘नाही’ म्हणतात.

पहिल्या तारखेला काकांनीही ‘नाही’च म्हटले होते. सिस्टरांनी काकूंना पाणी आणायला पाठवले, दार लोटले आणि तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला. काका भिंतीकडे पाहत म्हणाले, “पाव. रोज.” मग थोड्या वेळाने, “आन् कालची बी.” तपासणी त्या दिवशी झाली नाही. डॉक्टर रागावले नाहीत. चार दिवसांनंतरची तारीख दिली आणि तोवर काय करायचे, हात थरथरू लागले तर कोठे यायचे, ते फाईलवर लिहून दिले. दुसऱ्या खेपेस, म्हणजे वर सांगितलेली तपासणी झाली तेव्हा, सिस्टरांना विचारावे लागले नाही. काकूंसमोरच त्यांनी सांगून टाकले.