काळा टी-शर्ट आणि तोंडी परीक्षा

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून काळा टी-शर्ट घालून हिंडणं ही फॅशन नव्हे, ते व्रत आहे. घामाने पाठ भिजलेली, छातीवर कवटी, कवटीच्या वर कुणाला वाचता येणार नाही असं एका हेवी मेटल बँडचं नाव. एवढं सोसून समोरून दुसरा काळा टी-शर्टवाला येतो, तर तो ओळखीचं हसेल? छे! तो आधी छातीवरचं नाव वाचतो, मग चेहरा बघतो आणि म्हणतो, ‘‘तीन गाणी सांग.’’

हेवी मेटलच्या संप्रदायात शिरायला पैसे पडत नाहीत, पण ही तोंडी परीक्षा चुकत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं सांगितलंत की तुम्ही पोझर, म्हणजे नुसता टी-शर्ट विकत घेतलेले. जरा आतलं सांगितलंत की ‘‘हं, तो अल्बम तसा बरा’’. फारच आडबाजूचं सांगितलंत आणि ते त्याने ऐकलेलं नसलं, तर मात्र परीक्षकाचीच पंचाईत. ‘‘माहीत नाही’’ हे शब्द त्याच्या तोंडून निघायचे नाहीत. मग तो मान हलवून म्हणतो, ‘‘डेमोत जास्त बरं होतं.’’

डेमो म्हणजे अल्बम निघण्याआधी बँडने स्वस्तात रेकॉर्ड करून कॅसेटवर वाटलेली गाणी. कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी असं करत चौथ्या हातात पोचेपर्यंत झांज कुठली आणि खरखर कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. कट्टर माणसाचा जीव नेमका त्या खरखरीत अडकलेला असतो.

समोरचा किती कडक आहे हे जोखायचं असेल तर एकच प्रश्न विचारावा: मेटॅलिका, म्हणजे अमेरिकेतला सगळ्यांना ठाऊक असलेला मेटल बँड, कधी संपली? सर्वांत सोवळा म्हणेल, एप्रिल 1983. त्या महिन्यात गिटारवाल्या डेव्ह मस्टेनला बँडमधून काढलं आणि तो ज्यात वाजतो तो डेमो होता 1982चा, ‘नो लाइफ टिल लेदर’. पहिला अल्बम जुलै 1983चा, म्हणजे यांच्या हिशेबाने हा बँड पहिला अल्बम यायच्या आधीच संपला. एक पायरी खाली उतरलेला म्हणेल 1984, कारण ‘राइड द लाइटनिंग’मध्ये एक गाणं साध्या, न किंचाळणाऱ्या गिटारने सुरू होतं. तिसरा 1986 म्हणतो आणि त्याच्याशी वाद घालू नये. त्या वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून बँडचा बासवाला क्लिफ बर्टन गेला. 1988 म्हणणारा भेटला तर बसायला खुर्ची शोधा. त्या वर्षीच्या अल्बमात नव्या बासवाल्याचा आवाज मिक्सिंग करताना इतका खाली ओढला की तो जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि हा माणूस ते न ऐकू येणं तुम्हाला तपशीलवार ऐकवतो. 1991, म्हणजे त्यांची गाणी घरोघरी पोचली तेव्हा संपली, असं म्हणणारा संसारी असतो. 1996ला त्यांनी केस कापले तेव्हा संपली असं म्हणणाऱ्याला बाकीचे सगळे न्हावी समजतात. आणि ‘‘संपली कुठे? अजून वाजवतात की!’’ असं कुणी म्हटलं तर संभाषण तिथेच थांबतं.

गोव्याला हा मनुष्यविशेष मुळीच नवा नाही. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दोघीही अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. तेव्हा जयपूर घराण्याची अर्धी वंशावळ आमच्या अंगणातून जाते. देवळाच्या मंडपात खांबाला टेकून, डोळे मिटून, तरुण गायकाने तान घेतली की ‘‘ही जागा खाँसाहेबांची नव्हे’’ म्हणणारे आजोबा इथे गावोगाव होते. त्यांच्या नातवाने केस वाढवले, घराण्याच्या जागी थ्रॅश, डेथ, डूम, ब्लॅक आले. पण आजोबा निदान समेवर ‘‘वा’’ म्हणायचे. नातू तेवढंही म्हणत नाही.

घराणी ओळखणं तसं अवघड नाही. वेग अफाट आणि शब्द अजून कळतात तो थ्रॅश. गळ्याच्या तळातून गुरगुर आली तर डेथ. किंचाळी वरची, गिटार एकाच तारेवर मधमाशा उठल्यागत अखंड, तो ब्लॅक. दोन ठोक्यांच्या मधे चहा घेता आला तर डूम. नावाचं अक्षरही मदत करतं: थ्रॅशचं टोकदार पण वाचता येतं, डेथचं ओघळतं, ब्लॅकचं वडाच्या पारंब्यांतून शोधावं लागतं. जेवढं कमी वाचता येईल तेवढा मान मोठा.

ब्लॅकवाल्यांचं आणखी एक. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने 1994चा अल्बम चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर केला, कारण तो आवाज त्यांना तसाच हवा होता. आता आमच्याकडची पोरं संगणकावर आधी स्वच्छ रेकॉर्डिंग करतात, मग 200 हर्ट्झच्या खालचा जाडा आवाज कापतात, 3-4 किलोहर्ट्झचा कर्कश पट्टा चढवतात, वरून टेपची खरखर ओततात. गरिबी आणायला एवढा खर्च फक्त इथेच होतो.

खालच्या सुराचंही तेच. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे बोटांना सोपं जावं म्हणून तारा सैल केल्या. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या 1971च्या तिसऱ्या अल्बमात काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. दुखऱ्या बोटांसाठी काढलेली सोय. तिचं आता सोवळं झालं आहे. जितका खाली, तितका अस्सल.

मग फोंड्यातला एखादा नवशिक्या आपल्या नेहमीच्या 10-46च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा तीन अर्धस्वर उतरवतो आणि गिटारमधून पत्र्याचा आवाज येतो. येणारच! तार ढिली पडली की फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते आणि जोरात छेडली की क्षणभर सूर चढतो. तिथे 11-54 किंवा 12-60चा संच लागतो. जाड तार मानेच्या टोकाच्या नट नावाच्या पट्टीच्या खाचेत बसत नाही, खाच जपून कानसावी लागते. मग बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर ताडून पाहायचा. दाबलेला चढा असेल तर तार खालच्या टोकाला जिथे टेकते ते ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवायचं. एवढं जमतंय तोवर जून लागतो, लाकूड दमट होतं, मान हलते. मानेतल्या लोखंडी दांड्याला, म्हणजे ट्रस रॉडला, एका वेळी पाव वेढाच द्यावा आणि गिटार दिवसभर तशीच ठेवून मग पाहावं. खाऱ्या हवेत तारा गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात. कट्टर माणूस पुसत नाही. गंजलेल्या तारेचा आवाज त्याला अधिक प्रामाणिक वाटतो.

पण गोव्यातल्या मेटलवाल्याचा खरा शत्रू पोझर नव्हे, बुरशी. जून ते सप्टेंबर कपाटातल्या काळ्या सुतावर पांढरे ठिपके उमलतात. कापराच्या वड्यांनी वास बदलतो, बुरशी जात नाही. तिला ओल हवी असते, ओल काढली तरच ती हटते. टी-शर्ट पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात जाता कामा नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या मधूनमधून वाळवून घ्याव्यात. कपाटात छोटा बल्ब लावायची जुनी पद्धतही चालते, मात्र कपडे त्याला टेकता कामा नयेत. धुताना उलटा करून थंड पाण्यात, सुकवताना सावलीत. छापलेल्या भागावर इस्त्री फिरवली की कवटीचा जबडा इस्त्रीला लागून येतो.

आता मेख अशी, की इतकं जपलेला टी-शर्ट नवा दिसतो आणि नवा टी-शर्ट म्हणजे पोझर. विटलेला, मानेशी फाटलेला, तो खरा. म्हणून पुष्कळजण तो मुद्दाम एक उन्हाळा गच्चीवर तापवतात. मला विचाराल तर बुरशीचे ठिपके तसेच ठेवावेत. लांबून ते जुनेपणात खपतात. डेनिमच्या बिनबाह्यांच्या जाकिटावर बँडची कापडी चिन्हं लावायची तर ती शिवूनच. इस्त्रीने चिकटवलेली आपल्या घामात जत्रेच्या आधीच सुटतात. मशीनला 16 नंबरची सुई लावावी आणि हाताने शिवत असाल तर बोटात अंगुस्तान घालावं. आयोमीचीच परंपरा ती.

एका ठिकाणी मात्र माझं हसू आटतं. हीच परीक्षा मुलीची असेल तर तीन गाण्यांवर भागत नाही. तिला दुसऱ्या अल्बमचा ड्रमर विचारतात, त्याच्याआधीचा विचारतात, आणि तिने सगळं बरोबर सांगितलं तर ‘‘कुणी शिकवलं?’’ असं विचारतात. पुढच्या कार्यक्रमाला ती येत नाही, आणि हेच परीक्षक मग गोव्यात मेटलला गर्दी नाही म्हणून रडतात.

कार्यक्रम असतो तेव्हा दहाच्या आत आवरावा लागतो, कारण रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. त्यातून साउंड चेक लांबतो, पहिले दोन बँड लांबतात आणि ज्याच्यासाठी लोक आले त्या बँडला मिळतात वीस मिनिटं. पुढे नवी पोरं मान झटकत असतात. कट्टर मंडळी भिंतीशी, हाताची घडी. कानात बोळे घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. 85 डेसिबल रोज आठ तास कानाला चालतं, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100ला पंधरा मिनिटं. आणि भिंतीशी आवाज उलटून येतो, तिथला बास आणखीच फुगतो. आवाज कुणी बिघडवला यावर ते नंतर तासभर बोलतात, फार मोठ्याने, कारण एकमेकांचं ऐकू येत नसतं.

हे बोलणं रस-ऑम्लेटच्या गाड्यावर होतं. शेवटचा बँड डूम की स्लज, यावर दोन तट पडतात. तिसरा म्हणतो, दोन्ही नाही, हा तर नुसता हळू वाजवलेला थ्रॅश. चौथा बेंगळुरूचं प्रमाणपत्र काढतो: 17 मार्च 2007, आयर्न मेडन या इंग्लिश बँडचा कार्यक्रम, पॅलेस ग्राउंड्स, रातराणी बसने गेलो होतो. त्यावर कुणाला बोलता येत नाही. तेवढ्यात बँडचा बासवाला स्वतःच पाव घ्यायला येतो. त्याला विचारतात, तुम्ही काय वाजवता? तो म्हणतो, ‘‘रॉक, म्हणजे थोडं जड.’’

चौघेही एका सुरात त्याला सांगतात की त्याला त्यातलं काही कळत नाही.