‘आदरपूर्वक कळवण्यात येते की…’

सध्या एक पोस्ट फिरते आहे. माझ्याकडे ती चार ग्रुपांतून आली. त्यातला एक ग्रुप आमच्या जुन्या जाहिरात विभागातल्या मंडळींचा, म्हणून जरा जास्तच लागली. सोबत इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावच्या साप्ताहिकाचं पिवळं पडलेलं पान. शिंपी, कोळशाचा व्यापारी, औषधवाला, मुलींची शाळा चालवणाऱ्या बाई, सगळे अगदी हात जोडून बोलताहेत. खालच्या मजकुराचा मथितार्थ असा: व्हिक्टोरिया राणीच्या काळी (१८३७ ते १९०१) जाहिरात म्हणजे साधी, खरी सूचना असे. व्यापाऱ्यांची भिस्त तोंडोतोंडी होणाऱ्या नावावर होती, म्हणून जाहिराती थोड्या. चित्रं छापायचं तंत्र नव्हतं, म्हणून भपका नव्हता. डॉक्टर-वकील तर जाहिरातीच्या वाटेलाच जात नसत. आणि वर्तमानपत्रं बातम्यांवर जगत, जाहिरातदाराच्या मेहेरबानीवर नाही. शेवटी आजच्या पहिल्या पानावरच्या बिल्डरच्या जॅकेटकडे, म्हणजे अंकावर गुंडाळलेल्या पानभर जाहिरातीकडे, बोट दाखवून एक उसासा.

उसासा मीही टाकतो. एका जिल्हा दैनिकाच्या जाहिरात खिडकीवर अठरा वर्षं बसलोय, जॅकेटं पाहिली आहेत. पण त्यासाठी इतिहासाला वेठीला धरायची गरज नाही.

पहिल्या पानाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्याला फार वेळ लागत नाही. पोस्टसोबत जे पान जोडलंय ते साप्ताहिकाचं पहिलं पानच आहे, आणि त्यावर बातमीची एक ओळ नाही! त्या काळी तीच रीत होती. लंडनच्या ‘टाइम्स’ने पहिल्या पानावर बातम्या घ्यायला सुरुवात केली ती ३ मे १९६६ला. ‘मँचेस्टर गार्डियन’ने १९५२ला. म्हणजे राणी जाऊन पन्नास-साठ वर्षं झाली तरी दर्शनी पान जाहिरातदाराचंच होतं. कित्येक गावच्या पत्रांनी तर नावच ‘अॅडव्हर्टायझर’ असं घेतलं होतं. १८६९ला निघालेलं ‘क्रॉयडन अॅडव्हर्टायझर’ हे त्यातलंच. आपल्या मुंबईत १८३८ला जे पत्र सुरू झालं आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालं, त्याचंही मूळ नाव ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’. व्यापार नावातच आहे, लपवलेला नाही.

पैशाचंही तसंच. तालुक्याच्या गावी पत्र काढणारा माणूस बहुधा स्वतः छापखानेवाला असे. तोच पुस्तकं विकी, वह्या-दौती विकी, लिलावाची पत्रकं छापी, आणि बरेचदा पेटंट औषधांचा गावातला एजंटही तोच असे. म्हणजे ज्या गोळीची जाहिरात तिसऱ्या स्तंभात, ती गोळी त्याच छापखान्याच्या फळीवर. संपादकाच्या स्वातंत्र्याबद्दल यापुढे काय बोलायचं ते पोस्ट लिहिणाऱ्यानेच ठरवावं.

आता ‘जाहिराती थोड्या होत्या’ याचं कारण. तोंडोतोंडी नाव होतं, हे खरं, पण त्याहून मोठं कारण होतं सरकारी कर. इंग्लंडमध्ये प्रत्येक छापील जाहिरातीवर १७१२पासून कर होता. वाढत वाढत तो १८१५ला साडेतीन शिलिंगांवर गेला, १८३३ला दीड शिलिंगावर उतरला आणि १८५३ला रद्द झाला. यातली खोच अशी की कर आकारावर नव्हता, नगावर होता. मोठ्या इस्टेटीच्या लिलावाची हातभर जाहिरात असो की काम शोधणाऱ्या मोलकरणीच्या तीन ओळी, सरकारचा हिस्सा सारखाच. आमच्या खिडकीवर ‘पाहिजेत’ आणि ‘स्थळ’वाल्या छोट्या जाहिरातींना असा सपाट कर लागला असता तर निम्मी रांग परत गेली असती. वर पत्राच्या प्रत्येक प्रतीवरचा मुद्रांक वेगळा. तो १८३६ला चार पेनींवरून एक पेनीवर आला आणि १८५५ला उठला. कागदावरचा कर १८६१ला गेला. एकेक कर सुटला तशी पेनीला मिळणारी पत्रं गावोगाव निघाली आणि छोट्या जाहिरातींनी स्तंभच्या स्तंभ भरले. संयम नीतीचा असता तर तो कराबरोबर संपला नसता.

आणि पत्रात जागा महाग होती तेव्हा व्यापारी गप्प बसले होते का? छे. भिंती होत्या, हातपत्रकं होती, छातीवर-पाठीवर फळ्या अडकवून फिरणारी माणसं होती. लंडनच्या रस्त्यांवर नुसत्या जाहिराती मिरवणाऱ्या घोडागाड्या इतक्या झाल्या की रहदारी अडायला लागली आणि कायद्याने त्या बंद कराव्या लागल्या. वर्ष कोणतं? १८५३च. ज्या वर्षी सरकारने पत्रातल्या जाहिरातीचा कर काढला, त्याच वर्षी रस्त्यावरची जाहिरातगाडी हटवली. आपल्याकडच्या होर्डिंगवाल्यांना हा योगायोग आवडावा.

चित्रांचं तंत्र नव्हतं, हे तर सरळ चूक. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १८४२ला निघालं तेच लाकडी ठशांच्या चित्रांनी भरलेलं. गावच्या छापखान्यातही ठरावीक ठसे पडून असत: परदेशी निघालेल्या जहाजाच्या जाहिरातीवर जहाज, राजघराण्याला माल पुरवणाऱ्या दुकानावर राजचिन्ह. पण वर्तमानपत्राच्या स्तंभात मोठी अक्षरं आणि चित्रं येऊ द्यायची नाहीत, असा बऱ्याच पत्रांचा शिरस्ता होता. त्यात डौल होता, आणि जागेचा हिशोबही. जाहिरातदारांनी त्यावर तोड काढली. अक्षर मोठं करू देत नाही ना? मग तेच वाक्य खाली खाली दहा-वीस वेळा छापा. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचे हात दुखले असतील, पण वाचणाऱ्याचा डोळा तिथे अडकायचाच. आरडाओरड होतीच, फक्त सगळ्यांना एकाच पट्टीत ओरडावं लागत होतं.

आता मुख्य मुद्दा. ‘खोटे दावे नव्हते.’

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नम्र भाषेला लोक खरेपणा समजतात आणि फसतात. ‘सरदार, धर्मोपदेशक आणि नगरवासी यांना आदरपूर्वक कळवण्यात येते की’ हा साचा होता, आपल्या ‘कृपया येण्याचे करावे’सारखा. त्या साच्यात खरंही बसायचं आणि थापही.

लँकशरमधलं सेंट हेलन्स हे काच आणि कोळशाचं गाव. तिथे टॉमस बीचम नावाचा गोळ्या विकणारा माणूस होता. १८५९च्या ऑगस्टमध्ये त्याने गावच्याच पत्रात, ‘सेंट हेलन्स इंटेलिजन्सर’मध्ये, जाहिरात दिली: पेटी एका गिनीच्या मोलाची. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, आणि शिलिंग म्हणजे बारा पेनी. पेटीची किंमत मात्र एक शिलिंग दीड पेनी. डोकेदुखी, चक्कर, पोटातला वारा, जेवणानंतरची फुगी, झोपेतली भयंकर स्वप्नं, सगळ्यांवर एकच गोळी. पुढे १९०९ला ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून निष्कर्ष छापले. या गोळीत निघालं काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण. आजीच्या बटव्यातलं जुलाबाचं औषध, वर साबणाची भर. एका पेटीतल्या मालाची किंमत त्यांनी काढली अर्धा फार्दिंग, म्हणजे एक पेनीचा आठवा भाग. विक्रीची किंमत त्याच्या शंभरपट. आणि दीड पेनी कशाची? औषधांवरच्या सरकारी कराची. त्या कराचा मुद्रांक पेटीवर चिकटवलेला असे आणि गिऱ्हाइकाला वाटे की सरकारने गोळी तपासून शिक्का मारलाय. विक्रेते हा गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नसत.

बीचमच्या आधीचा टॉमस होलोवे. याने मलम आणि गोळ्यांच्या जाहिराती सुरू केल्या त्या १८३७ला, म्हणजे राणी गादीवर आली त्याच वर्षी. सुरुवातीला पत्रांची बिलं थकून कर्जदारांच्या तुरुंगातही जाऊन आला, पण जाहिरात सोडली नाही. १८८३ला वारला तेव्हा जाहिरातींवरचा त्याचा वर्षाचा खर्च पन्नास हजार पौंडांवर होता, आणि त्या हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचल्या होत्या. त्या पैशातून त्याने मुलींसाठी भव्य कॉलेज बांधलं, ही त्याची चांगली बाजू. १८८६ला त्याचं उद्घाटन करायला कोण आलं? खुद्द व्हिक्टोरिया राणी. पोस्टमध्ये जिच्या नावाने खऱ्या जाहिरातीचा काळ गायलाय, तिच्याच हातून गोळ्यांच्या जाहिरातींवर उभ्या राहिलेल्या इमारतीचं दार उघडलं.

हे झाले राष्ट्रभर पसरलेले मासे. गावचा वाणी तरी खरं बोलत होता का? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने १८५१पासून डॉ. आर्थर हिल हॅसल यांच्याकडून दुकानादुकानांतला माल सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला आणि दुकानदारांची नावं-पत्ते छापले. पावात तुरटी, कॉफीत चिकोरी, मोहरीच्या पुडीत पीठ आणि हळद. याच काळातल्या वाण्यांच्या जाहिरातींत ‘अस्सल’, ‘निर्भेळ’, ‘शुद्ध’ हे शब्द जागोजागी दिसतात. सगळाच माल शुद्ध असता तर कुणी कशाला ओरडून सांगितलं असतं? ‘आमच्याकडे शुद्ध साजूक तूप मिळेल’ ही पाटी वाचून आपण काय ओळखतो, तेच तिथेही ओळखायचं. भेसळीविरुद्ध १८६०ला पहिला कायदा आला, पण दात असलेला कायदा यायला १८७५ उजाडलं.

आणि कायद्याचं पहिलं वर्ष केलेल्या कुणालाही विचारा, कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला तोंडपाठ असतो. १८९१च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये जाहिरात आली: आमचा धुराचा गोळा रोज तीनदा, दोन आठवडे हुंगूनही इन्फ्लुएंझा झाला तर शंभर पौंड देऊ, खात्रीसाठी बँकेत हजार पौंड ठेवलेत. कार्लिलबाईंनी गोळा घेतला, हुंगला, आणि त्यांना इन्फ्लुएंझा झाला. कंपनीने कोर्टात काय सांगावं? की ही नुसती फुशारकी होती, असल्या जाहिराती कुणी गंभीरपणे घेत नाही. १८९२ला अपील कोर्टाने ते मानलं नाही, बाईंना पैसे मिळाले. पण बचावाकडे नीट बघा. व्हिक्टोरियन जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, हे व्हिक्टोरियन जाहिरातदारच भर कोर्टात सांगत होता.

एक गोष्ट मात्र पोस्टमधली मी मान्य करतो. गावचा कापडवाला, शिंपी, कोळसेवाला यांच्या बहुतेक जाहिराती खरोखर निरुपद्रवी आहेत. ‘लंडनहून वसंत ऋतूचा माल आला आहे’ म्हणणारी टोप्यांच्या दुकानाची मालकीणबाई लंडनला गेली होती की नाही, हे सगळ्या गावाला माहीत असायचं. समोरासमोर राहणाऱ्याला थाप मारणं अवघड. खोटं वाढतं ते विकणारा आणि घेणारा एकमेकांना दिसेनासे झाल्यावर. रेल्वे आणि टपालाने ते अंतर वाढवलं, छापखान्याने नुसती साथ दिली.

राहिले डॉक्टर-वकील. इथे पोस्टचा निम्मा भाग बरोबर आहे, म्हणूनच जास्त दिशाभूल करणारा. प्रतिष्ठित डॉक्टरांमध्ये जाहिरात हे हलकं काम मानलं जाई. पण १८५८च्या कायद्यापर्यंत देशभराची एक अशी नोंदवहीच नव्हती. नंतरही नोंद नसलेल्याला उपचार करायची बंदी नव्हती, बंदी होती ती नोंदणीकृत असल्याचं खोटं सांगण्याची. त्यामुळे ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, पत्रव्यवहार गोपनीय’ हा मजकूर राजरोस छापून येई. दंतवैद्यांनी तर काही बाकीच ठेवलं नाही. न दुखवता दात काढणं, गॅसची सोय, कवळी स्वस्तात, आणि ‘दर मंगळवारी बाजाराच्या दिवशी अमुक औषधवाल्याच्या घरी भेटतील’. आपल्याकडे मूळव्याधीचे आणि वंध्यत्वाचे तज्ज्ञ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर भेटतात ना, त्यांचे हे थेट पूर्वज.

प्रतिष्ठित डॉक्टरांची वाट आडवळणाची होती. ‘निवासस्थान बदलले आहे’ एवढीच सूचना. ती एकदा द्यायची की आठवडेच्या आठवडे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. किंवा गिरणीतल्या अपघाताच्या बातमीत ‘अमुक डॉक्टरांनी तातडीने उपचार केले’ एवढी ओळ.

वकिलांचं, म्हणजे तिथल्या सॉलिसिटरांचं, तर कायद्यानेच भागवलं. १८५९च्या एका कायद्याने मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांना सोय दिली: मयताकडून ज्यांचं येणं आहे त्यांच्यासाठी रीतसर जाहीर सूचना द्या, मुदतीत जे पुढे येतील त्यांचे दावे भागवून मालमत्ता वाटा, नंतर उगवणाऱ्यांची जबाबदारी तुमच्यावर नाही. मग दर आठवड्याला अशा सूचना, आणि प्रत्येकीच्या तळाशी सॉलिसिटरच्या पेढीचं नाव आणि पत्ता. लिलाव असो, दिवाळं असो, भागीदारी मोडलेली असो, तळाला तेच नाव. वर्षभर पत्र वाचणाऱ्याला गावात कुणाकडे जास्त काम आहे ते बरोबर कळे. पैसे अशिलाचे, नाव वकिलाचं.

आपल्या वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनी जाहिरातीची मनाई आहे. आणि आमच्या दैनिकाच्या सहाव्या पानावर रोज ‘जाहीर नोटीस’ यायच्या: माझे अशील खालील वर्णनाची मिळकत खरेदी करीत असून, कुणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास चौदा दिवसांच्या आत. मजकूर कायम तोच, आम्हाला पाठ. एक ज्येष्ठ वकीलसाहेब मजकुराचं प्रूफ कधी वाचत नसत. गट नंबर चुकला तरी त्यांच्या लक्षात येत नसे. पण खिडकीवर कागद सरकवताना न चुकता सांगत, “शेवटचं नाव जरा ठळक घ्या हां. आणि मोबाइल नंबर तुटू देऊ नका.”