'500 रुपयांत बेसूर गाणं' या अभिप्रायाला निर्मात्यांचं उत्तर

नमस्कार. तुम्ही आमच्या नाटकाला दोन तारे दिलेत आणि कारणंही लिहिलीत. नायिकेला गाता येत नाही, मग 500 रुपये कशाचे? पियानोवाला सारखा अडखळतो. गाण्याच्या वेळी आवाज लांबून येतो. शिवाय 'विनोदी' म्हणून जाहिरात केलेलं नाटक दुसऱ्या अंकात हसवायचं थांबतं. हेच प्रश्न तिकीटखिडकीवरही येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

नाटक फ्लॉरेन्स फॉस्टर जेंकिन्सवर आहे. न्यूयॉर्कमधली ही श्रीमंत बाई. 1917 मध्ये तिने व्हर्दी क्लब हे संगीतप्रेमींचं मंडळ काढलं आणि वर्षानुवर्षं निमंत्रितांपुढे ऑपेरातली गाणी गायली. तिची ध्वनिमुद्रणं आजही ऐकता येतात, त्यामुळे ती नेमकी कुठे चुकायची ते ठाऊक आहे. वर जाताना सूर उतरतो, तुटक स्वर एकमेकांत मिसळतात, लय कधी पळते कधी रेंगाळते. मात्र उत्साह एका स्वरातही कमी होत नाही.

आमची नायिका शिकलेली गायिका आहे. मोझार्टच्या ऑपेरातल्या 'रात्रीची राणी' या पात्राची आरिया, म्हणजे एकटीने गायचं गाणं, तिने आधी बरोबर बसवली, मग चुका बसवल्या. या आरियात एकाच उंच स्वराचे तुटक ठोके येतात आणि मग थेट वरच्या एफपर्यंत उडी असते. पेटीच्या भाषेत, मध्य सप्तकातल्या पांढरी चारच्या वर आणखी दोन सप्तकं. ज्याला ती जागा माहीत नाही त्याला ती नेमकी चुकवता येत नाही.

किती चुकवायची, हा खरा प्रश्न. गायिका पुरती पुढच्या पट्टीवर गेली, तर कानाला तो वेगळाच स्वर वाटतो आणि हशा येत नाही. लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा तिसरा हिस्सा ते निम्मा, एवढंच खाली राहिलं की कणसूर लागतो आणि प्रेक्षक खुर्चीत चुळबुळतो. एकच चूक तीनदा केली तर तिसऱ्यांदा कुणी हसत नाही. म्हणून पहिल्यांदा उचल उशिरा, दुसऱ्यांदा सूर खाली, तिसऱ्यांदा शब्दाच्या मध्येच श्वास संपतो. हे सगळं पोटातून श्वास लावूनच गायचं असतं. गळ्यावर ओरडलं तर दुपारच्या प्रयोगानंतर रात्री आवाज उरत नाही. याच कारणासाठी आरिया पूर्ण न घेता दीड मिनिटाची ठेवली आहे.

आणि ती गाताना प्रेक्षकांकडे मिश्कील बघत नाही. 'मला कळतंय मी वाईट गातेय' असा एक कटाक्ष गेला की नाटक तिथेच पडतं.

पियानोवादक अडखळत नाही, तो तिच्यासाठी थांबतो. खऱ्या जेंकिन्सबाईंचे साथीदार कॉस्मे मॅकमून हेच करत. ध्वनिमुद्रणांत ते लय ओढताना, मध्येच सावरून घेताना ऐकू येतात. बाकी आमचा पियानो पूर्ण सुरात असतो, आणि तो तसाच हवा. साथ बेसूर झाली तर कानाला आधार राहत नाही आणि गायिकेची चूक चूकच वाटत नाही. तिने स्वर चुकवल्यावर क्षणभराने वादक उजव्या हाताने बरोबर स्वर देतो. हशा तिथे फुटतो. मग हशा निम्म्यावर येईपर्यंत तो तेच दोन बार, म्हणजे तालाचे दोन छोटे तुकडे, फिरवत राहतो. तुम्हाला अडखळणं वाटलं ते बहुधा हेच. पेटीची संगत का नाही, असंही काहीजण विचारतात. पेटी गळ्याच्या मागोमाग जाते, स्वर धरून ठेवते आणि चूक झाकते. पियानोचा स्वर विरतो, त्यामुळे गायिका उघडी पडते.

गाण्यात आवाज बदलतो, हे तुम्ही बरोबर टिपलंत. संवादांना कॉलर माईक असतो. गाण्यांत तो बंद करून रंगमंचाच्या कडेचे दोन माईक उघडतो. तोंडाजवळच्या माईकवर एवढा उंच स्वर आला की आवाज फाटतो. नायिकेच्या 'प्रेरणेची देवता' या वेशातले पंख कॉलरला घासून खरखर करतात, ते वेगळंच. शिवाय दुसऱ्या अंकातल्या 1944 च्या मैफलीत आवाज मोठ्या सभागृहात लांबून येतोय, असंही आम्हाला वाटायला हवं आहे.

दुसऱ्या अंकाबद्दल मात्र मी ठाम आहे. 25 ऑक्टोबर 1944 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात तिने पहिल्यांदा सर्वांसाठी खुलं गाणं केलं. सगळी तिकिटं विकली गेली होती. आधीच्या मैफलींत ओळखीची माणसं असत, इथे समीक्षकही होते आणि त्यांनी दयामाया केली नाही. महिनाभरात, 26 नोव्हेंबरला, वयाच्या 76 व्या वर्षी ती गेली. त्या प्रवेशात आम्ही रेकॉर्ड केलेला हशा वाजवत नाही. प्रेक्षागृहातले दिवे मंद चालू ठेवतो, म्हणजे शेजारचा हसताना दिसतो. तिथे हसायचं की थांबायचं, हे प्रत्येकाने आपलं ठरवावं. या बाईची टिंगल करणारं नाटक मला करायचं नाही.

पुन्हा आलात तर बाल्कनीखालच्या रांगा टाळा, तिथे वरचे स्वर दबतात. पाचवी ते दहावी रांग मधोमध घ्या. वादकाचे हात पाहायचे असतील तर त्याच रांगांत तुमच्या डावीकडच्या खुर्च्या मागा.