‘एक जुना वाचक’ यांस, जरा सविस्तर

प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर शोभलं नसतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. ते पुरले की नाही, हे पुढे कळेलच.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अठरा वर्षं तंत्रज्ञानावर लिहून झालं, आता थांबावं का, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर या गृहस्थांचं (बाई असतील तर क्षमस्व, नाव दिलेलं नाही) म्हणणं असं की, गूगल रीडर (आवडत्या साइट्सवरचं नवं लेखन एका जागी वाचायची गूगलची सोय) बंद झाल्याची तारीख मी चुकवली, पासवर्डवरचा माझा जुना लेख अजून चुकीचा सल्ला देतोय, आणि निरोपाचं हे नाटक तिसऱ्यांदा चाललंय. शिवाय, हे त्यांच्याच शब्दांत: ‘तुम्ही थकलेले नाही, तुम्हाला आता नवं झेपत नाही, एवढंच कबूल करा.’

तारीख मान्य. १ जुलै २०१३ हवी होती, मी मार्च लिहिलं. घोषणा मार्चमध्ये झाली होती, तीच डोक्यात बसली. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘झेपत नाही’.

मुद्दा असेल तर मांडा, माझी ना नाही. पण ‘कबूल करा’ ही काय भाषा झाली? मी कुणाच्या चौकशीला उभा आहे का? बरं, ‘जुना वाचक’ म्हणवता, पण या नावानं आलेली ही पहिलीच प्रतिक्रिया. इतक्या वर्षांत एखादा लेख उपयोगी पडला असेल, तेव्हा दोन ओळी लिहायला हात उचलला नाही. चूक सापडली आणि लगेच ओळख निघाली.

मी लिहायला लागलो तेव्हा मराठी टाइप करणं हेच एक तंत्रज्ञान होतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की नुसते कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांचा काला. विंडोज एक्सपीवर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत, नीट दिसावं म्हणून सीडी घालून सपोर्ट वेगळा चढवावा लागायचा. मी ‘आचाऱ्याला’ लिहायला जायचो आणि उमटायचं ‘आचार्याला’. स्वयंपाक्याचा थेट गुरू! र, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, तेव्हा कुठे य ला तो अर्धा र लागतो, हे कळायला माझी एक अख्खी रात्र गेली. कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते लिहून टाकलं, म्हणजे निदान पुढच्या माणसाची रात्र वाचावी.

त्यानंतर किती गोष्टी आल्या नि गेल्या. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला, ३१ डिसेंबर २०२० ला ब्राउझरमध्ये व्हिडिओ नि खेळ चालवणाऱ्या फ्लॅशचा. दोन्ही वेळा ‘आता काय करायचं’ हे मी मुदतीच्या आत लिहिलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्यावरही पंधरा दिवसांत लेख टाकला. तो फारसा बरा नव्हता, हे माझं मलाच ठाऊक आहे. पण टाकला होता. ज्याला झेपत नाही तो हे करत बसतो का?

थकवा कशाचा, तेही ऐका. फोनचा बॅकअप कसा घ्यावा, या लेखात बावीस स्क्रीनशॉट आहेत. प्रत्येकावरचा लाल बाण मी स्वतः काढलेला. अपडेट येतं, सेटिंग्जमधलं बटण उठून दुसऱ्याच पानावर जाऊन बसतं, आणि सकाळी पहिला निरोप असतो, ‘सर, सातवी स्टेप दिसत नाही.’ की पुन्हा बावीस. असं चार वेळा केलं. पाचव्या वेळी नवव्या बाणापाशी फोन पालथा घातला आणि गॅलरीत जाऊन बसलो. तो लेख अजून तसाच आहे, वरचे आठ फोटो नवे, खालचे चौदा जुने. याला तुम्ही न झेपणं म्हणणार असाल तर खुशाल म्हणा.

पासवर्डचं म्हणाल, तर दर तीन महिन्यांनी बदला, असं तेव्हा सगळेच सांगत. २००३ मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या मानकसंस्थेसाठी तसा सल्ला लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. निस्टनंही त्याच वर्षी सांगितलं की, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीनं बदलायची सक्ती करू नये. त्यांना चौदा वर्षं लागली, मला थोडी जास्त लागतायत. लेखावर तारीख छापलेली आहे, वाचणाऱ्यानं ती बघावी.

राहिलं ‘तिसऱ्यांदा’. २०१६ मध्ये मी ‘थोडी विश्रांती घेतो’ असं लिहिलं होतं. विश्रांती म्हणजे निरोप नव्हे. २०१९ मध्ये निरोप म्हटलं होतं, ते मान्य. म्हणजे ही दुसरी खेप. जुने वाचक म्हणवता, तर निदान मोजणी तरी नीट करा.