गोठलेली नदी थांबत नाही
‘हिवाळ्यात गोठलेल्या नदीचे काम थांबते’ हे तुमच्या लेखातील विधान पटले नाही. लडाखमधील झंस्कार नदीच्या ‘चादरी’वरून, म्हणजे हिवाळ्यात तिच्यावर गोठणाऱ्या बर्फाच्या थरावरून चालताना पायाखाली पाण्याचा खळखळाट स्पष्ट ऐकू येत होता आणि काठच्या फुटलेल्या बर्फात वाळू व बारीक गोटे अडकलेले दिसत होते. तळाला धरलेला बर्फ सुटून वर येतो, तेव्हा तो गाळही उचलून आणतो.

सायबेरियातील लेना नदीचा उल्लेख तर हवाच होता. ती उत्तरेकडे वाहत असल्याने वरच्या अंगाचा बर्फ आधी फुटतो, खालचा मात्र घट्टच राहतो आणि वाहत आलेल्या लाद्या अडून पाणी तुंबते. मे २००१ मध्ये लेन्स्क शहर अशाच पुरात बुडाले. खडकवासल्याच्या विसर्गावरून पुराचा अंदाज बांधणाऱ्या आम्हा पुणेकरांना हा प्रकार सविस्तर वाचायला आवडला असता.